अकरावा बाक

लातूरला शिवाजी चौकात एसटीतून उतरलो, पिशवी खांद्याला अडकवली, मान वर केली तर समोर मीच. विजेच्या दोन खांबांना ताणून बांधलेल्या फ्लेक्सवर, दहा-बारा फूट उंच. आधी वाटलं, माझ्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल. लातुरात चौकाचौकात अशी तोंडं टांगलेली असतात आणि तोंडापेक्षा मोठे त्यांचे मार्क असतात. पण उजव्या कानाची दुमडलेली पाळी माझीच होती. फोटो बारावीच्या हॉल तिकिटावरचा. मानेखाली मात्र काळा कोट आणि लाल टाय. असा कोट मी आयुष्यात घातलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरचा कापून माझ्या गळ्याला चिकटवला होता, त्यामुळे एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर गेला होता. मागे चार इंजिनांचं विमान. वर लिहिलेलं, 'भूकंपाच्या ढिगाऱ्यातून थेट आकाशात! आमचा विद्यार्थी सुदाम देविदास बिराजदार, विमान अभियंता, एव्हिऑनिक्स.' खाली कोपऱ्यात हात जोडलेले क्लासवाले शिवमूर्ती सर. मी बघत उभा राहिलो आणि मग लक्षात आलं की कपाळावरचा व्रण नाही. डाव्या भुवईपासून केसात शिरलेला, दगडाने केलेला माझा व्रण कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून नीट पुसून टाकला होता. भूकंप विकायला काढला होता आणि त्याची खूण तेवढी नको होती. असा संताप आला की एक रिक्षावाला हॉर्न वाजवून शिवी देऊन गेला ते मला मागाहून कळलं.

मी अभियंता नव्हतो. नांदेडच्या विमानतळाच्या रस्त्यावर विमानदुरुस्ती शिकवणारी एक संस्था आहे, तिथलं माझं पहिलं वर्ष नुकतं संपलं होतं. आणि मी एव्हिऑनिक्सचाही नव्हतो. पहिल्या वर्षानंतर वाट निवडायची असते. एक मेकॅनिकल, म्हणजे इंजिन, पंख, चाकं. दुसरी एव्हिऑनिक्स, म्हणजे रेडिओ, काट्यांची घड्याळं, वायरींचं जाळं. एकदा खूण केली की लायसन त्याचंच, नोकरी त्याचीच, पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याचीच. तो फॉर्म माझ्या पिशवीत होता. दोन्ही चौकोन कोरे. सोमवारी द्यायचा होता आणि त्यावर वडिलांची सही लागत होती. मी एकवीस वर्षांचा होतो, मतदान करून आलो होतो, तरी संस्थेला वडिलांची सही हवी होती. त्या एका सहीसाठी लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन तास बसून आलो, तर इथं चौकात माझा चौकोन कुणीतरी आधीच भरून ठेवला होता. पंधरा फूट रुंद.

चौकातून क्लासेसच्या गल्लीकडे चालत निघालो. ही गल्ली मला पायांनी पाठ आहे. झेरॉक्सची दुकानं, मेसचे डबे, खिडक्यांतून वाळत घातलेले टॉवेल, आणि पाठीवर दप्तर, हातात चिठ्ठी घेऊन ओठ हलवत चाललेली पोरं. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि नंतर परत परीक्षेची एक, अशी तीन वर्षं मी इथं ओठ हलवले. शिवमूर्ती सरांच्या वर्गात दर रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी टेस्टच्या मार्कांप्रमाणे बसायचं. पहिल्या बाकावर पहिले चार, दुसऱ्यावर पुढचे चार. बाक बारा होते. मी अकराव्यावर. एकदा नवव्यावर गेलो होतो, एका आठवड्यासाठी, तेव्हा मायने शिरा केला होता. या बारा बाकांच्या वरची एक निवडक तुकडी होती. तिचा वर्ग वेगळा, पंखे वेगळे, सर स्वतः शिकवायचे. आम्हाला शिकवायला सरांनीच शिकवलेलं कुणीतरी यायचं. तीन वर्षांत सर माझ्याशी एकदा बोलले. जिन्यात मी आडवा आलो तेव्हा म्हणाले, "ए अकरावा बाक, बाजूला हो." त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. चेहरा माहीत नव्हता, बाक माहीत होता. त्या बाकावर मी कर्कटकाने माझं नाव कोरलं होतं, निदान लाकडाला तरी माहीत असावं म्हणून. आणि आता माझं नाव चौकात. सरांच्याच पैशाने.

आबा, म्हणजे माझे वडील, सरांच्या हॉस्टेलवर वॉचमन आहेत. माय तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटते. गाव आमचं निलंग्याकडचं, आता ते शिरूर अनंतपाळ तालुक्यात गेलंय. पुनर्वसनातल्या घराला कुलूप घालून आबा माझ्या शिक्षणासाठी लातूरला आले ते इथेच राहिले. आता शीलासाठी. माझी बहीण, सतरा वर्षांची, यंदा बारावीला. हॉस्टेलच्या जिन्याखाली त्यांची खोली आहे. मी आत गेलो तेव्हा आबा स्टूलवर बसून चावी घासत होते. मला बघून हसले. ते हसणं अजून माझ्या डोक्यात बसलंय. त्यांना वाटलं मी खूश होऊन आलोय.

"बगितलास का चौकात?" ते म्हणाले. "लई मोठ्ठा लावलाय. गावाकडनं साहेबरावचा फोन आला, म्हनला पायलट झालं का लेकरू."

"फोटो कुणी दिला?"

"म्या दिला. सरांनी मागितला."

"एव्हिऑनिक्स कुणी सांगितलं?"

आबांनी चावी खाली ठेवली. "सर म्हनले, दोन लाइनी असतात, कुठली घेतलीय? मंग मी म्हनलो, ती वायरीची. दुसरी तुला सोसायची न्हाई. इंजिनाचा धडधडाट, हादरे. तू रातच्याला कसा वरडत उठायचास, मला ठावं हाय. म्या काढलंय तुला तिथनं."

म्या काढलंय तुला. या वाक्यापुढे मला सोळा वर्षांत एकदाही बोलता आलेलं नाही. कारण ते खरं आहे. भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बुडवून आलो होतो. मी पाच वर्षांचा. मिरवणुकीतली एक झांज मी परतच दिली नव्हती. ती मुठीत धरून धुरपता आत्याच्या कुशीत झोपलो. जमीन हलली ते मला आठवत नाही. आठवतो तो नंतरचा काळोख आणि तोंडातली माती. मातीच्या छताचं माळवद खाली आलं होतं आणि एक खांब तिरका पडून माझ्यावर थांबला होता. आत्याचा हात माझ्या पाठीवर. ती दोनदा म्हणाली, "भिऊ नको रे." तिसऱ्यांदा म्हणाली नाही. हात बराच वेळ गरम होता. मग नव्हता. आणि खालची जमीन परत परत थरथरायची, थोडीशी, आजारी गुराची कातडी थरथरते तशी, आणि दर वेळी वरून माती गळायची. कुणाला विचारून नाही, कुणी थांब म्हटलं म्हणून थांबायची नाही. मी झांज खांबावर आपटत राहिलो. ढिगाऱ्यातून त्या खांबाचं एक टोक वर आलेलं होतं, आबांनी त्याला कान लावला आणि ऐकलं. दुपारपर्यंत एकट्याने दगड उचलले. त्या दिवसापासून त्यांना वाटतं की माझ्या आत काय वाजतंय ते त्यांना नेहमीच ऐकू येतं.

नाही येत. कुणालाच येत नाही. नांदेडला मी इतवाऱ्यात करीमचाचांकडे राहतो. त्यांचं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान, वर माझी खोली, संध्याकाळी मी त्यांच्या हाताखाली. पंपाची इंजिनं, लग्नातले जनरेटर. करीमचाचा स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून सांगतात कुठलं बेअरिंग गेलंय. मला मात्र म्हणाले, तू आधी हात ठेव, कान मागून. मी हात ठेवायला शिकलो. हाताला कळतं कुठलं थरथरणं बरोबर आहे आणि कुठलं चुकीचं. पण कुठली वाट घेऊ म्हणून त्यांनाही विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे बाबू, करंटचंच घे. माझी नखं बघ. तीस बरस झाले, रहमतबी माझा टॉवेल अजून येगळा ठेवते." आणि आतून चाची, म्हणजे रहमतबी, ओरडल्या, "ठेवणारच!" सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायची ती वेळ नव्हती.

खरं हे होतं. संस्थेत मागच्या आवारात लोखंडी चौकटीवर एक जुनं विमानाचं इंजिन बसवलेलं आहे, जाळीच्या आड. डिसेंबरात आम्हाला पहिल्यांदा ते चालू करून दाखवलं. ते सुरू झालं आणि थरथर सिमेंटमधून बुटांच्या तळव्यात आली, तिथून गुडघ्यात. पोरं कानावर हात ठेवून हसत होती. माझे पाय गेले. मी कठडा धरला. तोंडात माती आली, खरोखरची, दातांत करकरणारी. शिकवणारे रेवणसिद्ध सर हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मला पुढं बोलावून लाल मुठीचा दांडा दाखवला. कानाशी येऊन ओरडले, "मागं ओढ. इंधन तुटतं." मी ओढला. दोन सेकंद काही झालं नाही. मग ते इंजिन खोकलं, पंखा दिसायला लागला, पाती मोजता यायला लागली, आणि ते थांबलं. पायाखालची जमीन थांबली. मी थांबवली. त्या दिवशी मी मागे कंपाउंडपाशी जाऊन लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. आणि मग रोज काही ना काही निमित्त काढून त्या इंजिनापाशी जायला लागलो. मला हादरे सोसत नाहीत म्हणे. मला हादराच हवा होता, ज्याला दांडा आहे असा. हे कुणाला कसं सांगायचं? वायरी वाईट नाहीत. हुशार पोरं ते घेतात, एसीत बसतात, कपडे मळत नाहीत. पण मला माझ्या भीतीपासून लांब, गार खोलीत नेऊन बसवायचं यांनी परस्पर ठरवलं, आणि वरून ती माझीच झेप म्हणून टांगली.

"चल, सरांना भेटून ये," आबा उठले. "तुझी वाट बगून राहिलेत."

मी गेलो. जायला नको होतं, पण रागाला पाय असतात. सरांच्या केबिनमध्ये सात-आठ पालक बसले होते, गावाकडचे, गुडघ्यांवर पिशव्या घेऊन. सरांनी उभं राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत जो हात कधी लागला नव्हता तो. म्हणाले, "हा बघा. तीन दिवस ढिगाऱ्याखाली होता हा मुलगा. तीन दिवस! आज विमानं दुरुस्त करतो. जिद्द असावी लागते." एका बाईने तोंडाला पदर लावला. मी मोजत होतो. पहाटेपासून दुपारपर्यंत, फार तर नऊ तास. आत्या तीन दिवसांनी निघाली. ते तीन दिवस तिचे होते. तेही यांनी काढून मला लावले, कोटासारखे.

"सर," मी म्हणालो, "मी अकराव्या बाकावर बसत होतो."

सर हसले. "बघा, किती नम्र आहे."

"तुम्हाला माझं नाव माहीत नव्हतं. आणि मी एव्हिऑनिक्स घेत नाही. मेकॅनिकल घेतोय. इंजिनाचं."

पालक माझ्याकडे आणि सरांकडे आळीपाळीने पाहायला लागले. सरांचा हात खांद्यावरच होता, फक्त जड झाला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. दारात उभ्या असलेल्या आबांना म्हणाले, "देविदास, फ्लेक्स काय, उद्या बदलता येतो. पण मग सगळंच बघावं लागतं परत. शीलाला आपण त्या तुकडीत घेतलं ते कशावर घेतलं, तुला माहीत आहे. तिचे मार्क थोडे कमीच पडत होते." असं म्हणून त्यांनी पालकांना चहा सांगितला.

म्हणजे असं होतं. मी जिन्यावरून उतरताना आबांची मान मला मागून दिसत होती, वाळलेली, सुरकुत्या पडलेली. फोटो त्यांनी असाच दिला नव्हता. माझं तोंड देऊन शीलासाठी निवडक तुकडीतली जागा घेतली होती. मला सांगितलं असतं तर? तर कदाचित मी हो म्हटलं असतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. हो म्हणायची संधीसुद्धा मला दिली नाही. जिन्याखालच्या खोलीत माय पोळ्यांचं पीठ अंगावर तसंच घेऊन उभी होती, दाराला धरून. मी फॉर्म काढून आबांच्या पुढ्यात टाकला. म्हणालो ते सगळं इथं लिहीत नाही. लहानपणापासूनचं काढलं. दाखल्यावर भूकंपग्रस्त, फीच्या अर्जावर भूकंपग्रस्त, पाहुण्यांत भूकंपातला सुदाम, आणि आता चौकातसुद्धा. मी म्हणालो, तुम्ही एकदाच कान लावला आणि मग सोळा वर्षं लावलाच नाही. माय म्हणाली, "आरं, बापाला असं बोलतेत का?" मी म्हणालो, बोलतात.

आबांनी खिशातून पेन काढलं, फॉर्म स्टूलवर ठेवला आणि सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर काढून घेतात. वरचे चौकोन कोरेच होते. मग फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घे. तुला काय लिवायचं ते लिव. पर शीलाला तू सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई."

शीला पडद्याआड होती. एकाच खोलीत दोन भाग करणारा पडदा, त्यामुळे तिने सगळंच ऐकलं होतं. ती बाहेर आली, हातात गणिताची वही, बोट पानांत घातलेलं. मी तिला सांगायला सुरुवात केली. म्हणालो, शीले, मी तुझ्या विरोधात नाही, पण माझ्या पूर्ण आयुष्याचा प्रश्न आहे, तू हुशार आहेस, तुला कुठल्याही बाकावरून...

"तुला इचारलं न्हाई म्हनून तू एवढा चिडलास," ती म्हणाली. आवाज न चढवता. "मला इचारलास का तू? वर सरांना सांगताना?"

मी नकळत वर, जिन्याकडे बघितलं.

"आबांनी न्हाई इचारलं. सरांनी न्हाई. तू बी न्हाई. मला ती तुकडी पायजे का नको, तुझ्या तोंडावर मिळालेली पायजे का नको, कुनी इचारलं?"

"नको होती का?" मी म्हणालो. मूर्खासारखी मला आशा वाटली.

"पायजे होती," शीला म्हणाली. "लई पायजे होती. तिथं सर सोता गणित सोडवून दावतेत. मी पयल्या आठ जणींत येऊन राहिले होते." तिने वहीतलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "भर आता. हितं भर, माझ्यासमोर. नांदेडला जाऊन चोरून भरू नको."

मला वाटलं नाही म्हणावं. फॉर्म फाडावा, एव्हिऑनिक्सवर खूण करून वर जाऊन सरांच्या टेबलावर आपटावा. क्षणभर मी तसं करणारही होतो. मग तळव्यांत ती थरथर आठवली, आणि दांडा. मी पेन घेतलं आणि मेकॅनिकलच्या चौकोनात खूण केली. हात इतका दाबला की खालच्या पानावर वळ उठला. शीलाने बघितलं, पेन परत घेतलं, टोपण लावलं आणि पडद्याआड गेली. तिथून पान उलटल्याचा आवाज आला. मी जेवलो नाही. मायने बसस्टँडवर डबा आणून दिला. एसटी चौकातून वळली तेव्हा मी खिडकीतून फ्लेक्सकडे बघितलं नाही, पण तो तिथे आहे हे माझ्या मानेला कळत होतं.

सोमवारी सकाळी फॉर्म दिला. दुपारी रेवणसिद्ध सरांनी इंजिन चालू केलं आणि मला म्हणाले, "आता तुझंच आहे, ये." मी जाळीच्या आत गेलो. कठड्यावर हात ठेवला. सगळं तसंच होतं, बुटांत येणारी थरथर, गुडघे, छाती. खिशातला फोनही थरथरत होता, ते मला आधी कळलंच नाही. शीलाचा नंबर. मी कान झाकून बाहेर पळालो, भिंतीच्या आड.

"दादा," ती म्हणाली. मागे पोरींचा गलका. "बसवलं मला खालच्या वर्गात. मार्क न बघता, अकराव्या बाकावर."

"शीले..."

"ऐक. तुझं नाव कोरलेलं हाय हितं. सुदाम बिराजदार. लई खोल कोरलायस."

त्या लाकडाचा खडबडीतपणा माझ्या बोटांना लागला. वाटलं, ती रडेल. वाटलं, माफ केलं म्हणेल. दोन्हीपैकी एक काहीतरी मला हवं होतं.

"खोडलं म्या ते," शीला म्हणाली. "कर्कटकानं. पूर्ण तास लागला." आणि फोन ठेवला.

मी तिथंच उभा राहिलो. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी तिचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटतोय याचाही राग आला. आतून रेवणसिद्ध सर हाक मारत होते, बंद कर म्हणून. मी गेलो, लाल मुठीचा दांडा धरला आणि मागे ओढला. इंजिन खोकलं, पाती दिसली, थांबली. कठडा थांबला, जमीन थांबली. दांड्यावरचा माझा हात तेवढा थांबेना. सर म्हणाले, सोड आता. मी दुसऱ्या हाताने तो हात काढला.